डोळे मिटल्यावर समोर शोभाअक्का

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर ओल्या बिबड्यावरून कोंबडी चालून गेल्यासारखं. कधी कोणाच्या हाती हे पडलंच तर तेवढं पोटात घाला. चौथीनंतर शाळा सुटली आणि हात पेनापेक्षा डाळीला जास्त सरावले. पण काही गोष्टी मला बोलता येत नाहीत. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशातच बसून राहतो. म्हणून कागदाला सांगते.

यंदाही वैशाख तसाच आला आहे. दुपारी गच्चीवर पाय ठेवला की तळवे उचलून नाचावं लागतं. गल्लीत घरोघरी बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळताहेत. शिजवलेल्या ज्वारीचा आंबूस वास, त्यात जिऱ्या-लसणाचा वास, आणि त्या सगळ्या वासात समोरच्या घरातली मुलगी जिन्यावर बसून औषधांची नावं पाठ करते आहे. माझ्या लेकीसारखं तीही नर्सिंग शिकते आहे. प्रात्यक्षिकाची परीक्षा जवळ आली आहे. तिचा आवाज मध्येच अडकतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तो अडकणारा आवाज ऐकला की माझ्या आत कोणीतरी उठून बसतं. लोकांना उन्हाळ्यात आंबे आठवतात. मला शोभाअक्का आठवते.

शोभाअक्का माझी मोठी नणंद. धुळ्याला राहते. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, इथे करणार नाही. कागदावर तरी नाही.

माझी प्रज्ञा धुळ्याला नर्सिंगला लागली तेव्हा पहिल्या वर्षाची फी अक्काने दिली. खोटं कशाला बोलू, दिली. प्रज्ञाचे बाबा इथे जळगावात रिक्षा चालवतात, मी डाळमिलमध्ये तूर निवडायला जाते, आमच्याकडून एकदम एवढं निघालं नसतं. पैसे दिले तेव्हा अक्काच्या स्वयंपाकघरात अक्का, मी आणि प्रज्ञाचे बाबा, आम्ही तिघंच होतो. तिने कपाटातून काढले, पिशवीत घातले, वरून चहा पाजला. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाची बाई. येताना बसमध्ये मी रडले होते. त्या रडण्याचा मला अजून राग येतो.

कारण दिलेले पैसे तिने घरात ठेवले नाहीत. भाजीवालीला सांगितले, विहारात सांगितले, शेजारणीला सांगितले. रविवारी प्रज्ञा वसतिगृहातून आत्याकडे जेवायला जायची. जेवायला म्हणून जायची आणि भांडी घासून यायची. पाहुणे असले की आत्या तिला बाहेर बोलवायची, "ही मन्हा भाऊनी पोर. मीच शिकाडी ऱ्हायनू." प्रज्ञा ओल्या हाताने सगळ्यांना जय भीम करायची आणि पुन्हा मोरीत जाऊन बसायची. हे तिने मला फार उशिरा सांगितलं. तोवर मी फोनवर अक्काला म्हणत होते, "पोरीला सांभाळता, उपकार आहेत."

आता ते लग्न. धुळ्याच्या बाजूला एका नातेवाइकाचं होतं, रणरणत्या उन्हात, पत्र्याच्या मंडपात. प्रज्ञा वॉर्डातली ड्युटी संपवून तशीच आली होती. तिच्या बॅगेत बीपीचं यंत्र होतं. आमच्याकडे घरात एक मुलगी नर्सिंगला लागली की सगळं गणगोत तिच्यासमोर बाह्या वर करून बसतं, ते काही नवं नाही. म्हाताऱ्या बायका प्रेमाने बसतात. अक्का मात्र मंडपाच्या मध्यावर खुर्ची ओढून बसली आणि हाक मारली, "ये व प्रज्ञा, मन्हं बीपी देख. देखू दे बठ्ठास्ले, मन्हा पैसामा काय शिकनी ती!" बठ्ठास्ले म्हणजे सगळ्यांना.

बायका गोळा झाल्या. बाजूला वाजंत्री चालू होती, ढोल छातीत घुसत होता. अक्काची बाही जरीची, घट्ट, वर जाईना. प्रज्ञाने पट्टा बांधला, फुगा दाबला, कानात नळ्या घातल्या, आणि तिचे हात थरथरायला लागले. तिने पुन्हा फुगा दाबला. म्हणाली, "आत्या, आवाजात ऐकू येत नाही. आपण आत जाऊ."

"ऐकू येस नही?" अक्का हसली. "अवं, हात ते देखा पोरन्हा! पान हालस तसा हाली ऱ्हायनात. ह्या हातनी सुई कोण टोची ली?"

सगळा मंडप हसला. प्रज्ञाचे बाबा पंगतीत वाढत होते, त्यांनी ऐकलं आणि बादलीत बघत राहिले. मी तिथेच होते, हातभर अंतरावर. माझं माहेर बोदवडचं, सासरची अहिराणी मला समजते पण तोंडात नीट बसत नाही, त्यावरूनही ही मंडळी मला हसलेली आहेत. मी पदर तोंडाला लावला, जणू मीही हसते आहे.

त्याच आठवड्यात प्रज्ञा अभ्यासाच्या सुट्टीला घरी आली आणि म्हणाली, "आई, मी परीक्षेला बसत नाही." वॉर्डात सुई हातात घेतली की तिला पेशंट दिसत नव्हता, तो हसणारा मंडप दिसत होता. रात्री छाती धडधडायची. प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक येतात, समोर उभे राहतात, आणि पोरीला पेशंटवर सगळं करून दाखवावं लागतं. "त्यांच्यासमोर माझे हात असेच हलणार. मग नापासच. त्यापेक्षा नकोच." ती सोडून आली असती तर आत्याचं बोलणं जन्मभरासाठी खरं ठरलं असतं. मला पोरीची काळजी होती. पण तिच्या जोडीने हेही होतं, की ती बाई खरी ठरता कामा नये. कोणतं जास्त होतं ते मी तेव्हा तोललं नाही, आताही तोलणार नाही.

कॉलेजात एक मॅडम होत्या. त्यांना माहीत होतं की परीक्षा आली की निम्म्या मुली जेवत नाहीत, एखादी चक्कर येऊन पडते. त्यांनी मुलींना मनाचे काही व्यायाम शिकवले होते. प्रज्ञा मला ते करून दाखवायची. दारात थांबायचं, दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकलेत ते आतून बघायचं. श्वास घेतला त्यापेक्षा लांब सोडायचा. मनात भीती आली की तिला हाकलायचं नाही, फक्त ओळखायचं, ही भीती, आली, बसली. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत मनाने हळूहळू फिरायचं, जिथे आवळलं असेल तिथे सैल सोडायचं. मॅडमनी सांगितलं होतं, घरी रोज करा, आणि घरातलं कोणीतरी सोबत बसवा, म्हणजे टाळाटाळ होत नाही. मॅडमचं बोलणं एका मैत्रिणीने मोबाईलवर भरून पाठवलं होतं.

घरातलं कोणीतरी म्हणजे मी. विहारात लहानपणापासून आम्ही श्वासाकडे लक्ष देऊन बसतो, त्यामुळे मला ते अगदीच परकं नव्हतं. पण विहारात मी बसते आणि घरी जाऊन काय शिजवायचं त्याचा विचार करते. इथे समोर माझी पोर होती, डोळे मिटलेली, नाकपुड्या थरथरणारी.

सकाळी गच्चीवर बिबडे घालायचे, उभ्या केलेल्या खाटेच्या सावलीत दोघींनी बसायचं, प्रज्ञाच्या मांडीवर मोबाईल, हातात कावळे हाकलायची काठी. मॅडमचा आवाज छान होता, माठातल्या पाण्यासारखा. श्वासाचा भाग झाला की प्रज्ञा उठून पुस्तक घ्यायची आणि मी पुढचं एकटीच ऐकायची. पुढे मॅडम म्हणायच्या, आधी स्वतःला समोर आणा. मग आपल्या लाडक्या माणसाला. मग रस्त्यावर दिसणाऱ्या कोणा अनोळखी माणसाला. आणि मग, ज्याने तुम्हाला दुखावलं त्याला समोर आणा. नीट बघा त्याच्याकडे. अगदी जवळ बसवा.

आणि मोबाईल गप्प व्हायचा.

मला वाटलं, व्यायाम इथेच संपतो. दुखावणाऱ्याला जवळ बसवायचं आणि पुढे आपलं आपण बघायचं. शिकल्या-सवरलेल्या बाईने सांगितलं आहे म्हणजे त्यात काही तरी असणारच.

मग मी रोज शोभाअक्काला बसवू लागले. गच्चीवर, उन्हात, खाटेच्या सावलीबाहेर. आधी एक श्वास लांब सोडायचा, तळवे टेकवायचे, मग तिला आणायचं. पहिले काही दिवस नुसतीच बसवली. पुढे हात मोकळा झाला. तिच्या घरचा कूलर बंद पाडला. तिचे बिबडे वाळत आले असताना वळवाचा पाऊस घातला, तोही फक्त तिच्याच गच्चीवर. तिची सोन्याची बांगडी गटारात पडली आणि ती बाही वर करून चाचपत बसली. एकदा तिला सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी केली, केसपेपर हातात, पुढची बाई कधी सरकेना. एकदा भर लग्नात तिला उखाणा घ्यायला लावला आणि ऐन वेळी नवऱ्याचं नाव विसरायला लावलं. तो दिवस फार चांगला गेला. डोळे उघडले तर अंग हलकं, डोकं शांत, भूक लागलेली. मी मनात म्हटलं, मॅडमच्या या व्यायामात गुण आहे.

मिलमध्ये माझ्या शेजारी रुक्माबाई बसते. तूर निवडताना पिवळी भुकटी उडते, पापण्यांवर बसते, यंत्राच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. तिने मला विचारलं, "का गं, आजकाल बरी तजेलदार दिसतेस? चेहऱ्याला काय लावते?"

"काही नाही. डोळे मिटून बसते पोरीबरोबर."

"देवाचं नाव घेतेस?"

"नणंदेचं."

रुक्माबाई इतकी हसली की तिच्या सुपातली तूर सांडली. मग म्हणाली, "मलाही शिकव. माझ्या दोन जावा आहेत."

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मैत्रिणीने प्रज्ञाला विचारलं, रेकॉर्डिंग पूर्ण आलं होतं ना. नव्हतं आलं. मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून अर्धंच उतरलं होतं. प्रज्ञाने जुने फोटो पुसले आणि पूर्ण घेतलं. त्या सकाळी मी नेहमीसारखी अक्काला जवळ बसवली, आणि मॅडमचा आवाज थांबलाच नाही. त्या म्हणाल्या, "आता या माणसाचं भलं होवो असं मनात म्हणा. त्यालाही दुःख आहे. त्यालाही सुख मिळो."

मी खाडकन डोळे उघडले. मला फसवल्यासारखं झालं. उन्हात इतकी मेहनत करून बाईला आणायची, बसवायची, आणि वरून तिचं भलं करायचं?

प्रज्ञा पुस्तकातून बघत होती. "काय झालं आई?"

"या बाईला वेड लागलंय."

"तू कोणाला घेतलं होतंस?"

"तुझ्या आत्याला."

"मग? म्हण ना, आत्याचं भलं होवो."

मी डोळे मिटले, खरंच प्रयत्न केला. शोभाअक्काचं, म्हटलं. पुढचा शब्द येईना. प्रज्ञा वाट बघत होती. शेवटी म्हणाले, "तिला खोकला लागला."

प्रज्ञा हसायला लागली. लग्नापासून ती हसली नव्हती. काठी पडली, कावळा बिबड्यावर येऊन बसला, तरी ती हसतच होती, पोट धरून. मीही हसले. मला मॅडमचं सगळं मान्य आहे, पण त्या दिवशी पोरीच्या छातीवरचा दगड हलला तो आत्याच्या खोकल्याने, असं मला वाटतं. प्रज्ञाचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, रोजच्या सरावाने आतून घडत आलं होतं, त्या दिवशी फक्त दिसलं.

ती परीक्षेला गेली. मी धुळ्यापर्यंत सोबत गेले, दवाखान्याच्या आवारात निंबाखाली बसून राहिले. ती बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. म्हणाली, "हात हलले आई. थोडे हलले. पण मी तळव्यांकडे लक्ष दिलं आणि हात त्यांचे त्यांचे थांबले. पेशंट म्हातारा होता, तो मलाच म्हणाला, घाबरू नको बाई." पास झाली. पुढची वर्षंही निघाली. आता ती जळगावातच एका दवाखान्यात नोकरीला आहे. ती झोपली की तिचे हात मी बघते कधी कधी. उशीवर शांत पडलेले असतात.

तिचा राग गेला. नुसता गेला नाही, तिला तो आठवतही नाही नीट. "आत्या ना? असते एखादी तशी," म्हणते आणि केस विंचरायला लागते. मला तिचं कौतुक वाटतं आणि थोडा परकेपणाही वाटतो. दोघी एकाच खाटेच्या सावलीत बसलो, एकच आवाज ऐकला. तिची भीती त्या श्वासाबरोबर निघून गेली, आणि माझा राग त्याच श्वासाने मुरला. पूर्वी तो नुसता भडकायचा, भांडी आपटायचा आणि विझायचा. आता तो थंड आहे, घडी घालून ठेवलेला, कधीही काढला तरी सुरकुती नाही. विहारात वंदनेच्या शेवटी सगळ्यांचं मंगल होवो म्हणतात. मी म्हणते. पण त्या सगळ्यांत एक जागा मी रिकामी सोडते, आणि बुद्धाच्या मूर्तीकडे बघते. तिचे डोळेही अर्धेच मिटलेले.

प्रज्ञाचा पगार सुरू झाला तेव्हा मी तिला एकच मागितलं. आत्याचे पैसे आधी. तिच्या पगारातून आणि माझ्या हजेरीतून ते साठत गेले. प्रज्ञाचे बाबा म्हणाले, "मोबाईलवरून पाठवून देऊ, तासाभरात काम." मी म्हटलं, "नाही. नोटा पाहिजेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर तेवढं माणसाला कळतं.

या वैशाखात शोभाअक्काच्या मुलाचा साखरपुडा झाला. धुळ्यालाच, चांगला हॉल, पंखे, कूलर. माणसं तीच. त्याच बायका, त्याच साड्या, फक्त केस थोडे पांढरे. जेवणं सुरू व्हायच्या आधी अक्का मध्ये खुर्चीवर बसली होती, भोवती सगळ्या. मी पिशवी घेऊन उठले. सांगते काय झालं. माझ्या जिभेला कोरड पडली. मी एका जागी उभी राहिले, चपला काढल्या, फरशी गार होती. तळवे टेकवले. श्वास लांब सोडला. मग तिच्यासमोर गेले.

"अक्का, पैसे आणलेत."

"कसाना पैसा?"

"प्रज्ञाच्या फीचे."

ती चपापली. "अवं, आते? आठे? घर ये, मंग दे."

मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "दिलेत तेव्हा घरात दिलेत, अक्का. बोलून दाखवलंत तेव्हा मंडपात. म्हणून इथेच."

बायकांच्या माना आमच्याकडे वळल्या. अक्का हसण्यावारी नेऊ लागली, "ऱ्हाऊ दे व माय, प्रज्ञाना लगीनले लागतीन. मी काय मांगी ऱ्हायनू का?" तो तिचा शेवटचा डाव होता. पैसे सोडून द्यायचे आणि बोलण्याचा हक्क ठेवायचा. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"मोजा."

"काय मोजू? तुन्हावर इस्वास शे मन्हा."

"माझा नाही. मोजा."

प्रज्ञाचे बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. या वेळी त्यांच्या हातात बादली नव्हती. अक्काने नोटा काढल्या. अंगठा जिभेला लावला, सुरुवात केली. सगळे बघत होते. व्याहीही बघत होते. मध्येच ती चुकली, पुन्हा पहिल्यापासून लागली. एक नोट निसटून खुर्चीखाली गेली, ती वाकून काढताना तिच्या कपाळावर घाम आला. मी मदत केली नाही. हे लिहिताना वाटलं होतं की आता तरी वाईट वाटेल. नाही वाटत. मी तिथे उभं राहून तो प्रत्येक क्षण डोळ्यांनी पिऊन घेतला, उघड्या डोळ्यांनी.

प्रज्ञा जवळ आली. आत्याच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, घाई नका करू. सगळे बघत असले की होतं असं." तिने मनापासून म्हटलं की टोमणा मारला, मी अजून विचारलेलं नाही. अक्काने तिच्याकडे जे बघितलं त्यावरून तिला काय वाटलं ते कळलं.

शेवटची नोट मोजून झाली. अक्काने गठ्ठा पर्समध्ये कोंबला, चेन लावली आणि खाली बघत पुटपुटली, "पुरा शेतस." पूर्ण आहेत, एवढंच.

"काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नाही."

तिने मान वर केली. मी हलले नाही. मग ती बोलली, मोठ्याने, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असं.

"पुरा शेतस! बठ्ठा पैसा फिटनात."